पट्टा कोणाच्या कमरेला?

कुस्तीचा निकाल हौद्यांत लागतो, अशी आपल्याकडील सर्वसामान्य समजूत आहे, आणि आपल्याकडील हौद्यांपुरती ती पुष्कळ अंशीं खरीहि आहे. तांबडी माती, हलगीचा कडकडाट, शड्डूचा आवाज, आणि शेवटीं ज्याची पाठ मातीला लागली तो हरला. इतका सोपा हा न्याय आहे. परंतु अमेरिकेंत कुस्तीची एक अशी जात गेलीं शंभर वर्षें नांदत आली आहे कीं, तिचा निकाल कुस्ती सुरू होण्यापूर्वीं कित्येक दिवस, क्वचित् कित्येक महिने, एखाद्या कचेरींत टेबलाभोंवतीं बसलेल्या दोनचार गृहस्थांनीं ठरविलेला असतो. या गृहस्थांना आपण आपल्या भाषेंत कुस्त्यांचे ठेकेदार म्हणूं. जगज्जेतेपदाचा पट्टा कोणाच्या कमरेला बांधावयाचा, तो किती दिवस ठेवावयाचा आणि मग कोणाला द्यावयाचा, हें सर्व त्यांच्या मर्जीवर. मल्लांनीं तें फक्त पार पाडावयाचें.

आतां हा विषय शाळेच्या वार्षिकांत कोठून आला, असें कोणी पालक विचारतील. त्यांनीं आपल्या चिरंजीवांची उशी एकवार उचलून पाहावी, एवढेंच आमचें उत्तर आहे. तिच्याखालीं बहुधा पत्त्यांचा एक जोड सांपडेल. त्या पत्त्यांवर राजा-राणी नसून उघड्या अंगाचे धिप्पाड पुरुष असतील, आणि प्रत्येकाच्या चित्राखालीं त्याची उंची, वजन, छाती व क्रमांक छापलेला असेल. हा मजकूर आमच्या मुलांना इतका तोंडपाठ असतो कीं, तितकी सनावळी पाठ असती तर इतिहासाच्या पेपरांत कोणी नापास झालेंच नसतें. आमच्या वसतिगृहांत शनिवारीं रात्रीं जेवणघरांतील दूरदर्शन-संच दोन तास मुलांच्या स्वाधीन असे, आणि त्या दोन तासांतला दीड तास तरी या अमेरिकन मल्लांच्या वांट्यास जाई.

सन २०१७ च्या मे महिन्यांत, २१ तारखेस, शिकागोजवळील रोझमाँट येथें जिंदर महाल नांवाच्या मल्लानें रँडी ऑर्टन यास हरवून डब्ल्यू. डब्ल्यू. ई. या कंपनीचा मुख्य पट्टा मिळविला. महाल हा जन्मानें कॅनडांतील कॅलगरीचा. पण घराणें पंजाबी, डोक्याला पगडी आणि तोंडीं पंजाबी भाषा, एवढें आमच्या मुलांना पुरेसें होतें. जून महिन्यांत शाळा उघडली ती ‘आपला माणूस जगज्जेता’ या घोषणेनेंच. पुढें नोव्हेंबरच्या ७ तारखेस इंग्लंडांतील मँचेस्टर येथें ए. जे. स्टाइल्स या मल्लानें तो पट्टा त्याच्याकडून घेतला, आणि ती बातमी येतांच वसतिगृहांत जी अवकळा पसरली ती सहामाहीच्या निकालालाहि कधीं पसरली नव्हती. न्याहारीच्या वेळीं सातवींतला एक मुलगा आमच्याजवळ येऊन उभा राहिला. त्याचे डोळे लाल होते. “सर,” त्यानें विचारलें, “तो हरला, कीं त्याला हरायला सांगितलें?”

या प्रश्नाचें अर्धें उत्तर आम्हांस ठाऊक होतें. सांगणारा कोण, आणि तो कशावरून ठरवितो, हें दुसरें अर्धें मात्र शोधावें लागलें. त्या हिवाळ्यांतील पुष्कळ संध्याकाळीं आमच्या त्यांतच गेल्या, आणि जें हातीं लागलें तें शनिवारीं जेवणानंतर आम्ही मुलांना थोडें थोडें सांगत गेलों.

आरंभीं हा खेळ असा नव्हता. निदान सर्वस्वीं असा नव्हता. १९०८ सालीं शिकागो येथें अमेरिकेचा फ्रँक गॉच आणि युरोपचा जॉर्ज हॅकेनश्मिट यांची जी कुस्ती झाली ती दोन तास चालली, आणि अखेर हॅकेनश्मिटनें थकून हार कबूल केली. १९११ मध्यें त्याच शहरांत त्यांची दुसरी कुस्ती झाली तेव्हां सुमारें ३० हजार लोक जमले होते. खऱ्या कुस्तीचें दुखणें या दोन तासांत आहे. तुल्यबल गडी भिडले म्हणजे हालचाल थोडी आणि दम धरणें फार. गामा पहिलवानाचेंच उदाहरण घ्या. १९१० सालीं लंडन येथें पोलंडचा स्टॅनिस्लॉस झ्बिस्को त्याच्यासमोर उभा राहिला, आणि गामाचें पाणी ओळखून जो पालथा पडला तो जवळजवळ तीन तास बहुतेक पालथाच राहिला. कुस्ती बरोबरींत सुटली. मल्लविद्येच्या दृष्टीनें यांत पुष्कळ कांहीं असेल. पण तिकीट काढून बसलेल्या प्रेक्षकाला तीन तास एका माणसाची पाठ पाहावी लागली. अशा दोन कुस्त्या पाहिल्यावर तिसरीला कोण येणार? ठेकेदाराची सारी विचारसरणी या एका प्रश्नांतून निघाली आहे. हा झ्बिस्को वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. तो लगेच पुन्हां भेटणार आहे.

१९२० च्या पुढील दहा वर्षांत एड लुइस, बिली सँडो आणि टूट्स माँट या त्रिकुटानें या धंद्याला नवें रूप दिलें. लुइस हा स्वतः अव्वल दर्जाचा मल्ल. ‘स्ट्रँगलर’, म्हणजे गळा आवळणारा, या नांवानें तो ओळखला जाई. सँडो हा त्याचा व्यवस्थापक, आणि माँट हा कल्पक डोक्याचा. त्यांनीं मल्लांचा ताफा बांधला, कुस्तीला वेळेची मर्यादा घातली, उचलून आपटण्याचे नेत्रदीपक डाव त्यांत आणले, आणि एका गांवचा कार्यक्रम दुसऱ्या गांवीं एखाद्या नाटक कंपनीप्रमाणें नेण्यास सुरुवात केली. नाटक म्हटलें कीं शेवटचा अंक अगोदर लिहावा लागतो. तो त्यांनीं लिहावयास घेतला.

लुइस वर्षानुवर्षें जिंकत राहिल्यामुळें लोक कंटाळूं लागले. तेव्हां या त्रिकुटानें वेन मन नांवाचा एक फुटबॉलपटू निवडला. नेब्रास्का विद्यापीठाचा हा खेळाडू साडेसहा फुटांच्या आसपास उंच आणि लोकांच्या ओळखीचा होता. उणीव एवढीच कीं, त्याला कुस्ती फारशी येत नव्हती. ठेकेदारांच्या हिशेबांत ही उणीव क्षुल्लक होती, कारण त्याच्यासमोर उभा राहणारा प्रत्येक गडी त्यांच्याच पदरचा. १९२५ च्या जानेवारीच्या ८ तारखेस कॅन्सस सिटी येथें लुइस मनकडून हरला. हरला म्हणजे हरण्याचें काम त्यानें चोख केलें. पुढें मनची कीर्ति वाढावी म्हणून आणखी मल्ल त्याच्यापुढें पडूं लागले. १५ एप्रिलला फिलाडेल्फियांत ही पाळी झ्बिस्कोची होती. पंचेचाळिशीच्या घरांत आलेला हा जुना मल्ल ठरल्याप्रमाणें पडेल, अशी सर्वांची खात्री होती. पण विरुद्ध पक्षाच्या ठेकेदारांनीं त्याला आंतून वश केलें होतें. घंटा होतांच त्यानें मनला खरोखरीच धरलें, आणि त्या बिचाऱ्या जगज्जेत्याला पुन्हां पुन्हां पाठीवर घातलें. शेवटीं पंचाला दुसरा इलाजच उरला नाहीं. मे महिन्याच्या ३० तारखेस सेंट लुइस येथें झ्बिस्को विरुद्ध पक्षाच्या जो स्टेकरपुढें हरला, आणि पट्टा त्रिकुटाच्या हातून गेला. (याच झ्बिस्कोला १९२८ सालीं पतियाळा येथें गामानें एका मिनिटाच्या आंत चीत केलें, ती हकीकत मुलांनीं आपल्या आजोबांकडून ऐकलीच असेल.)

हा प्रसंग आम्ही सांगत होतों तेव्हां आमचे थोरले मामा शेजारच्या खुर्चीवर बसले होते. गुडघ्याच्या औषधोपचारासाठीं ते त्या हिवाळ्यांत महिनाभर आमच्या बिऱ्हाडीं राहिले होते. ऐन उमेदींत मामांनीं तालुक्यांतल्या जत्रा गाजविल्या, आणि ऐशी उलटली तरी त्यांचे चुरगळलेले कान त्याची साक्ष देत. मनची फजिती ऐकून मुलें पोट धरून हंसत होतीं. मामा हंसले नाहींत. “त्या फुटबॉलवाल्याला कुनीच सांगितलं न्हवतं व्हय रं?” त्यांनीं विचारलें. नाहीं, असें आम्ही म्हणतांच ते बराच वेळ गप्प राहिले, आणि मग त्यांनीं जें सांगितलें तें आमच्या घरांत आजवर कोणी ऐकलें नव्हतें.

मामा पंचविशींत असतांना एका जत्रेंत त्यांची शेवटची, म्हणजे पहिल्या नंबरची, जोड लागली होती. आदल्या रात्रीं त्या फडाचा ठेकेदार त्यांच्या उतरण्याच्या ठिकाणीं आला आणि म्हणाला कीं, कुस्ती अर्धा तास खेळवा आणि बरोबरींत सोडवा. म्हणजे पंधरवड्यानें शेजारच्या गांवीं हीच जोड पुन्हां लावतां येईल आणि दुप्पट गल्ला जमेल. दोघांनाहि इनामाखेरीज वेगळी रक्कम मिळेल. मामांनीं साफ नकार दिला. दुसऱ्या दिवशीं हात मिळवितांना समोरचा गडी ओळखीचें हंसला, आणि सैल उभा राहिला. मामांनीं पट काढला. सात मिनिटांच्या आंत कुस्ती निकाली झाली. लोकांनीं मामांना खांद्यावर घेतलें. त्या गड्याचा गुडघा मात्र निखळला होता, आणि तो पुन्हां कधीं आखाड्यांत उतरला नाहीं. दोन वर्षांनीं बाजारांत त्याच्या भावाची गांठ पडली तेव्हां मामांना खरा प्रकार कळला. मामांचा नकार त्या गड्याला कोणी कळविलाच नव्हता. ठेकेदारानें ‘जोडीदार कबूल आहे’ असें सांगून त्याच रात्रीं त्याच्या हातावर पैसे ठेवले होते.

“म्या खोटं खेळलो न्हाई, त्येचं मला वाईट न्हाई,” मामा म्हणाले, “पर हात मिळवताना येक शबुद बोलाया पायजे हुता.”

“मग आजोबा, चूक कोणाची?” एका मुलानें विचारलें. मामांनीं उत्तर दिलें नाहीं. त्यांनीं चहा मागितला.

मनच्या फजितीनें अमेरिकन ठेकेदारांना जो धडा मिळाला तो मोठा विलक्षण आहे. निकाल ठरलेलाच असला तरी विजेता मात्र खरा मल्ल असावा लागतो! सोनाराच्या दुकानांतले दागिने नकली असले तरी दारावरचा राखणदार खरा लागतो, तसाच हा प्रकार. कारण कुस्ती चालूं असतांना एखाद्यानें ऐनवेळीं दगा केला तर ठेकेदाराला हौद्यांत उडी घेतां येत नाहीं; तेथें पट्टा राखावयाचा तो कमरेला बांधणाऱ्यानेंच.

१९४८ च्या जुलै महिन्यांत आयोवा राज्यांतील वॉटर्लू येथें कांहीं ठेकेदार एकत्र बसले आणि त्यांनीं ‘नॅशनल रेसलिंग अलायन्स’ नांवाचा संघ स्थापन केला. प्रत्येकानें आपापला मुलूख सांभाळावा, दुसऱ्याच्या मुलखांत पाय घालूं नये, आणि सर्वांनीं मिळून एकच जगज्जेता मानावा, असा त्यांचा करार. त्यांचा पहिला विजेता ऑर्व्हिल ब्राउन हा १९४९ च्या नोव्हेंबरांत मोटारीच्या अपघातांत जायबंदी होऊन या धंद्यांतून कायमचा उठला, आणि पट्टा लू थेझ याच्याकडे आला. थेझ हा हंगेरीहून आलेल्या एका चांभाराचा मुलगा. सांधे पिरगळून माणसाला जागच्या जागीं निकामी करण्याची जी जुनी विद्या आहे ती त्याला अवगत होती, आणि हें प्रत्येक मल्लाला ठाऊक होतें. त्यामुळें त्याच्याशीं दगा करण्याचें सहसा कोणाच्या मनांत येत नसे. शिवाय विजेत्याकडून संघ हजारों डॉलरांची अनामत रक्कम ठेवून घेई. सांगितल्या दिवशीं पट्टा परत न केल्यास ती जप्त. एका बाजूनें विजेत्याला कोणी लुटूं नये, आणि दुसऱ्या बाजूनें विजेत्यानेंच पट्टा घेऊन पळूं नये, असा हा दुहेरी बंदोबस्त होता.

या फिरत्या जगज्जेत्याचें काम जिंकण्यापेक्षां न हरण्याचें होतें, आणि तें दिसतें त्याहून पुष्कळ अवघड आहे. आज एका शहरांत, उद्यां तीनशें मैलांवर दुसऱ्या. प्रत्येक ठिकाणीं तेथील लोकांचा एक लाडका मल्ल असावयाचा. जगज्जेत्यानें त्याच्याशीं तासभर झुंजावयाचें, आपण आतां हरतों कीं काय असें दहा वेळां भासवावयाचें, आणि नेमकें शेवटच्या क्षणीं घंटा होऊन कुस्ती बरोबरींत सुटावयाची. लोक घरीं जातांना म्हणत, आणखी पांच मिनिटें मिळतीं तर आपल्या गड्यानें पट्टा घेतलाच होता! पुढल्या खेपेचीं तिकिटें तेथेंच खपलीं. मामांच्या ठेकेदारानें जत्रेंत जें सुचविलें तेंच हे लोक एका खंडभर करीत होते. असा विजेता निवडतांना संघाची समिति बसे, मतें घेतलीं जात, आणि सेंट लुइसचे सॅम मचनिक यांच्यासारखे अध्यक्ष सर्वांचीं मनें सांभाळीत. १९५६ मध्यें अमेरिकन सरकारच्या न्यायखात्यानें या संघावर खटला भरला, आणि तडजोडींत संघाला आपले कांहीं निर्बंध सोडावे लागले. तो खटला धंद्याच्या मक्तेदारीबद्दल होता. कुस्त्या ठरवून होतात, याबद्दल सरकारची कांहीं तक्रार नव्हती.

बडी रॉजर्स याची हकीकत थोडक्यांत सांगतों. सोनेरी केसांचा हा ऐटबाज मल्ल १९६१ सालीं शिकागोच्या मैदानावर ३८ हजारांवर लोकांसमोर जगज्जेता झाला. गल्ला जमविण्यांत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पण त्याची दोरी ईशान्येकडील ठेकेदारांच्या हातांत होती, आणि तो इतरांच्या मुलखांत पुरेसा फिरेना. संघानें मग ४६ वर्षांच्या थेझला पुन्हां बाहेर काढलें. १९६३ च्या २४ जानेवारीस टोरोंटो येथें थेझनें पट्टा परत घेतला. ईशान्येच्या ठेकेदारांनीं तो निकाल न मानतां आपला वेगळा संघ आणि वेगळा पट्टा काढला. आज आमचीं मुलें ज्या कंपनीचे खेळ पाहतात तिचें मूळ त्या भांडणांत आहे.

या नव्या पट्ट्याचा धनी कोण असावा, हें ठरवितांना ठेकेदारांनीं मल्लांकडे नव्हे, तर न्यूयॉर्क शहराकडे पाहिलें. त्या शहरांत इटलीहून आलेलीं लक्षावधि माणसें राहत होतीं. ब्रूनो सॅमार्टिनो हा त्यांच्यांतलाच. लहानपणीं, महायुद्धांत जर्मन सैनिक गांवांत शिरले तेव्हां, त्याच्या आईनें मुलांना घेऊन डोंगरांत आश्रय घेतला होता. १९५० मध्यें तो अशक्त पोरगा म्हणून पिट्सबर्गला उतरला, आणि १९५९ मध्यें पाठीवर निजून ५६५ पौंड वजन उचलण्याचा विक्रम त्यानें केला. यांतलें कांहींहि कचेरींत रचलेलें नव्हतें. १९६३ च्या १७ मे रोजीं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें त्यानें रॉजर्सला ४८ सेकंदांत हरविलें, आणि पुढें पावणेआठ वर्षें पट्टा त्याच्याकडेच राहिला. त्याच्यानंतरचा लाडका पेद्रो मोरालेस हा पोर्टो रिकोचा. त्या बेटावरून आलेल्या लोकांचीहि न्यूयॉर्कांत दाट वस्ती होती. म्हणजे ठेकेदार खानेसुमारीच्या वहींतून जगज्जेता काढीत होते, असें म्हटलें तर फारसें चुकणार नाहीं.

परंतु सॅमार्टिनोकडून पट्टा मोरालेसकडे न्यावा कसा? दोन लाडक्यांना एकमेकांवर सोडलें तर अर्धे प्रेक्षक दुखावतात. म्हणून मध्यें एक खलपुरुष घालावयाचा. त्यानें एकाकडून पट्टा घ्यावयाचा आणि दुसऱ्याला द्यावयाचा. १९७१ च्या १८ जानेवारीस हें काम आयव्हन कोलॉफ यानें केलें. त्याला रशियन म्हणून उभें केलें होतें. वस्तुतः तो कॅनडाचा. सॅमार्टिनो हरला तेव्हां सारें सभागृह असें निःशब्द झालें कीं, आपले कानच गेले कीं काय असें त्याला क्षणभर वाटलें, असें तो पुढें सांगत असे. कोलॉफकडे पट्टा २१ दिवस राहिला. १९७३ मध्यें मोरालेसकडून पट्टा पुन्हां सॅमार्टिनोकडे न्यावयाचा होता, तेव्हां हेंच काम स्टॅन स्टॅसियाक याच्या वांट्यास आलें. १ डिसेंबरला तो जगज्जेता झाला आणि १० डिसेंबरला उरला नाहीं. नऊ दिवस!

आम्हांस या सर्व कथेंत अधिक कुतूहल वाटतें तें या स्टॅसियाकसारख्यांचें. लोकांच्या शिव्या खावयाच्या, पट्टा हातीं घेतांनाच तो कोणाला द्यावयाचा हें मनाशीं घोकावयाचें, आणि मग अशा बेतानें पडावयाचें कीं समोरचा थोर दिसावा. मामा पहिल्या शनिवारीं दूरदर्शनसमोर बसले तेव्हां मुलें जिंकणाऱ्याकडे पाहत होतीं, आणि मामा हरणाऱ्याकडे. “आरं, ह्यो पडला न्हाई, ह्येनं पडून दावलं,” ते म्हणाले. “पाठ सपाट टाकली बघ. मान उचलून धरली. वस्तादानं शिकवलंय ह्येला.” पडणारा चुकला तर त्याचा मणका जातो, आणि पाडणारा चुकला तरी पडणाऱ्याचाच जातो. ठेकेदारांच्या कचेरींत निकाल ठरतो. हाडें तेथें ठरत नाहींत. पालकांनीं आपल्या मुलांना एवढें मात्र बजावून ठेवावें.

पुढें दूरदर्शनानें मुलुखांच्या सरहद्दी पुसून टाकल्या. १९८३ च्या २६ डिसेंबरास ‘आयर्न शेख’ या नांवानें वावरणाऱ्या इराणी मल्लानें पट्टा घेतला. अमेरिकेचे वकिलातींतले लोक इराणांत ओलीस धरले गेल्याला तेव्हां अवघीं चार वर्षें झालीं होतीं, आणि प्रेक्षकांचा राग तापवावयास दुसरें कांहीं लागत नव्हतें. चार आठवड्यांनीं, १९८४ च्या २३ जानेवारीस, हल्क होगन यानें त्याला हरविलें आणि तेथून बाहुल्या, बनियनें, पत्ते यांचा बाजार सुरू झाला. विजेता निवडतांना आतां एका शहराचा विचार उरला नाहीं. कोणाचें चित्र मुलें विकत घेतील, हा विचार आला. १९८९ सालीं न्यू जर्सीच्या विधिमंडळापुढें कंपनीच्या लोकांनीं स्वतःच सांगून टाकलें कीं, हा करमणुकीचा खेळ आहे, खरी स्पर्धा नव्हे. सबब क्रीडा-मंडळाचे नियम आम्हांला लावूं नयेत. साठसत्तर वर्षें मल्लांनीं जें प्राणापलीकडे जपलें तें ठेकेदारांनीं कायद्याचा जाच चुकविण्यासाठीं एका बैठकींत सोडून दिलें. त्यांत लबाडी संपली हें चांगलेंच झालें, असें आमचें मत आहे.

आणि तरीहि दगा संपला नाहीं. १९९७ च्या ९ नोव्हेंबरास माँट्रियल येथें विजेता ब्रेट हार्ट हा कंपनी सोडून प्रतिस्पर्ध्याकडे जाण्याच्या बेतांत होता. आपल्या कॅनडांत, शॉन मायकेल्सपुढें, आपण पट्टा सोडणार नाहीं, दुसरीकडे कोठेंहि सोडूं, असें त्याचें म्हणणें. मालक व्हिन्स मॅकमहन यांनीं तोंडावर होकार दिला आणि ऐन झुंजींत, हार्टनें हार कबूल केलेली नसतांना, घंटा वाजविण्याचा हुकूम सोडला. झ्बिस्कोच्या वेळीं मल्लानें ठेकेदाराला फसविलें होतें. येथें ठेकेदारानें मल्लाला फसविलें. ही हकीकत सांगितली त्या रात्रीं मामा गांवीं परतले होते. ते असते तर त्यांनीं काय विचारलें असतें, याचा आम्हांस अंदाज आहे.

आतां सातवींतल्या त्या मुलाचा प्रश्न. होय, महालला हरावयास सांगितलें होतें. आणि त्यापूर्वीं जिंकावयासहि सांगितलें होतें. पट्टा मिळण्याच्या आधीं कित्येक महिने तोच मल्ल बहुतेक झुंजींत हरत होता. कंपनीचें लक्ष त्या वर्षीं भारताच्या बाजारपेठेकडे होतें, असाच अर्थ जाणत्या लोकांनीं या अकस्मात् बढतीचा लावला. २००७ सालीं पंजाब पोलिसांतील एके काळचा शिपाई दलीपसिंग राणा, म्हणजेच ‘ग्रेट खली’, याला त्याच कंपनीनें दुसरा एक पट्टा दिला होता. न्यूयॉर्कच्या इटालियनांसाठीं सॅमार्टिनो, तसा आपल्यासाठीं महाल. आम्हीं हें त्या मुलाला सांगितलें तेव्हां तो बराच वेळ विचार करून म्हणाला, “म्हणजे सर, त्यांनीं आम्हांला मोजलें होतें.” याहून नेमकें आम्हांला सांगतां आलें नसतें. जूनमध्यें वसतिगृहभर ज्या आरोळ्या घुमल्या त्या खऱ्याच होत्या. पण त्या घुमतील हा हिशेब सातासमुद्रांपलीकडे अगोदर झालेला होता. मग त्यानें विचारलें, “महालला हें ठाऊक होतें?” ठाऊक होतें, आम्ही म्हणालों, घंटेपूर्वींच ठाऊक होतें. त्यावर त्याचा चेहरा थोडा निवळला. मनसारखें त्याचें झालें नाहीं, याचें त्याला समाधान वाटलें असावें.

या व्याख्यानमालेचा मुलांवर काय परिणाम झाला, हें सांगून लेखणी आवरतों. त्यांनीं पुठ्ठ्याचा एक पट्टा केला, त्याला सोनेरी कागद चिकटविला, आणि लांब उडीच्या वाळूच्या हौदांत आपलें जगज्जेतेपद सुरू केलें. तिघांची ठेकेदार-समिति नेमली. विजेता निवडण्यास त्यांना पांच मिनिटेंहि लागलीं नाहींत. अडलें तें दुसरीकडेच: हरावयास कोणी तयार होईना. दोन दिवस पट्टा तसाच पडून राहिला. तिसऱ्या दिवशीं सातवींतला तोच मुलगा पुढें आला. आपण हरतों, मात्र पुढच्या शनिवारीं पट्टा आपल्याला मिळाला पाहिजे, आणि समितीनें तसें लिहून द्यावें, अशी त्याची अट होती. समितीनें वहीच्या कागदावर लिहून दिलें. तो इतका सुंदर पडला, पाठ सपाट आणि मान उचललेली, कीं मुलांनीं जिंकणाऱ्याला सोडून त्यालाच टाळ्या दिल्या. पुढच्या शनिवारीं समितीचें मत पालटलें. तो कागद घेऊन मुलगा आमच्याकडे आला. मागोमाग समितीहि आली. वादी आणि प्रतिवादी दोघांनाहि माँट्रियलची हकीकत पाठ होती, त्यामुळें तो तंटा वार्षिक परीक्षेपर्यंत चालला.